पाते मापात, तरी कंप्रेसर तोट्यात: निर्मितीतल्या फरकांचा हिशेब कसा मांडावा

इन्स्पेक्शन रिपोर्टवर सगळे रकाने हिरवे, एकही पाते बाद नाही, आणि तरीही टेस्ट बेडवर कंप्रेसर अपेक्षेपेक्षा अर्धा-पाऊण अंक (म्हणजे टक्केवारीतला गुण) कमी कार्यक्षमता दाखवतो. अशा वेळी डिझाइनवाले शॉपकडे बोट दाखवतात आणि शॉपवाले रिपोर्टकडे. दोघेही आपल्या जागी बरोबर असू शकतात, कारण टॉलरन्सचा, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकाचा, पट्टा एवढेच सांगतो की पृष्ठभाग दोन रेषांच्या मध्ये आहे. त्या पट्ट्याच्या आत सगळी पाती एकाच बाजूला सरकलेली आहेत का आणि पुढच्या धारेचा आकार कसा आहे, हे तो सांगत नाही. हवेला मात्र नेमक्या याच दोन गोष्टी कळतात.

पुढची पद्धत अक्षीय कंप्रेसरच्या (जेट इंजिनसारख्या यंत्रांत हवा अक्षाच्या दिशेने पुढे नेत दाबणाऱ्या भागाच्या) रोटर (फिरणाऱ्या) आणि स्टेटर (स्थिर) पात्यांसाठी आहे: मोजायचे कसे, मोजलेल्याचे आकडे कसे करायचे, त्यातून तोटा कसा काढायचा आणि शॉपला काय सांगायचे. उदाहरणांत बहुतेक ठिकाणी २० मिमी कॉर्डचे (पुढच्या धारेपासून मागच्या धारेपर्यंतच्या रुंदीचे), उच्च दाबाच्या कंप्रेसरचे लहान पाते धरले आहे. त्या आकाराला हे दुखणे सर्वांत जास्त जाणवते.

सरासरी वेगळी, पसारा वेगळा

मोजमापाला हात लावण्याआधी एक हिशेब कागदावर करून पाहा. समजा, एका प्रोफाइलचा (पात्याच्या छेदाचा) किमान तोटा गुणांक (वाया जाणाऱ्या दाबाचे प्रमाण) ०.०२५ आहे आणि इन्सिडन्स, म्हणजे येणारी हवा आणि पात्याची पुढची धार यांच्या दिशांतला कोन, दोन्हीकडे ४ अंश सरकला की तो दुप्पट होतो. तोट्याचा आलेख सोयीसाठी पॅराबोला धरू. म्हणजे तोटा = ०.०२५ + ०.००१५६ × (इन्सिडन्सचा वर्ग). पाते +२ अंशांवर चालते आहे, म्हणून तोटा ०.०३१२५.

आता स्टॅगर कोनात, म्हणजे पाते अक्षाशी किती तिरके बसले आहे त्या कोनात, अर्ध्या अंशाची चूक दोन तऱ्हांनी घाला. पहिल्या तऱ्हेत सरासरी अचूक आहे, पण पाती अर्ध्या अंशाच्या प्रमाण विचलनाने इकडेतिकडे विखुरलेली आहेत. सरासरी तोटा ०.००१५६ × ०.२५ इतकाच वाढतो. मूळ तोट्याच्या तुलनेत ही वाढ सव्वा टक्का. दुसऱ्या तऱ्हेत पसारा शून्य, पण सगळीच पाती अर्धा अंश चुकीच्या बाजूला बसली आहेत. इन्सिडन्स २.५ अंश झाला, तोटा ०.०३४८ वर गेला, म्हणजे ११ टक्क्यांची वाढ. चूक तीच, किंमत जवळजवळ नऊपट. ±१ अंशाचा टॉलरन्स असेल तर दुसरा गठ्ठा रिपोर्टवर जास्त देखणा दिसेल, कारण त्यात सगळी पाती एकसारखी आहेत!

यात तिसरी चूक घाला. कोन बरोबर आहेत, पण पुढची धार बिघडल्यामुळे तोट्याचा खड्डा अरुंद झाला आहे; तोटा ४ ऐवजी ३ अंशांवरच दुप्पट होतो. +२ अंशांवरचा तोटा ०.०३६१, म्हणजे साडेपंधरा टक्क्यांची वाढ. आणि ही चूक मोजायला नेहमीच्या गेजपाशी साधनच नसते.

खऱ्या पात्याचा खड्डा असा सममित नसतो. बाहेरच्या बाजूला तो अचानक उभा चढतो, त्यामुळे स्टॉलजवळ (जिथे प्रवाह पात्यावरून सुटून कोसळतो) पसाऱ्याचीही किंमत वाढते. म्हणून एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवा: तुम्हाला कार्यक्षमता शोधायची आहे की स्टॉल मार्जिन, म्हणजे स्टॉलपासूनचे अंतर? कार्यक्षमता साधारणपणे सरासरी पात्यावर ठरते. स्टॉलची सुरुवात मात्र रांगेतल्या सर्वांत कमकुवत दोन-चार पात्यांपासून होऊ शकते. पहिल्यासाठी सरासरी लागते, दुसऱ्यासाठी पसाऱ्याचे शेपूट.

पाते किती आणि कसे धरायचे

प्रमाण विचलनाच्या अंदाजातली चूक साधारण १/√(२(n−१)) इतकी असते. ३० पाती मोजली तर सुमारे १३ टक्के, १०० मोजली तर ७ टक्के. तीसच्या खाली पसाऱ्याबद्दल बोलू नये. पण संख्येपेक्षा निवड महत्त्वाची आहे. एकाच दिवशी, एकाच मशीनवर, एकाच टूलने केलेली १०० पाती म्हणजे खरे तर एकच नमुना. वेगवेगळ्या बॅचमधली, नव्या आणि संपत आलेल्या टूलची, दोन्ही पाळ्यांतली पाती घ्या आणि प्रत्येकाबरोबर ही माहिती लिहून ठेवा. ती नसेल तर शेवटी कारण सापडत नाही.

पाते मुळाच्या ज्या पृष्ठांवर चाकात बसते, त्याच पृष्ठांवर ते फिक्स्चरमध्ये धरायचे. डव्हटेल (कबुतराच्या शेपटीसारखे, खाली रुंद) मूळ असेल तर फिरताना अपकेंद्री बलाने त्याचे तिरके दाबपृष्ठ चाकाच्या खाचेला टेकते, तळ टेकत नाही. म्हणून फिक्स्चरमध्ये खालून वर दाबणारा स्क्रू किंवा स्प्रिंग हवी. मूळ नुसते व्हाइसमध्ये आवळले तर ते खाचेतल्या मोकळिकीत कुठेही वाकडे बसते आणि तुम्ही पात्याचा पीळ म्हणून फिक्स्चरची चूक मोजता. तपासणी सोपी आहे. एकच पाते दहा वेळा काढून-घालून मोजा. स्टॅगरमधला त्या दहा मापांचा पसारा पाती-पातींमधल्या पसाऱ्याच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त असेल, तर आधी फिक्स्चर दुरुस्त करा.

आणखी एक फसगत. डिझाइनच्या फाइलमध्ये बहुधा 'गरम' आकार असतो, म्हणजे पूर्ण वेगाने फिरताना उलगडलेला पीळ आणि ताणलेले पाते. शॉपमध्ये बनते ते 'थंड' पाते. थंड पाते गरम आकाराशी ताडून पाहिले की टोकाकडे वाढत जाणारी पिळाची सुंदर 'चूक' सापडते, जी मुळात अस्तित्वातच नसते.

पुढच्या धारेचे माप

२० मिमी कॉर्डच्या पात्याच्या पुढच्या धारेची त्रिज्या ०.१ मिमीच्या आसपास असते. प्रोफाइलचा टॉलरन्स ±०.०५ मिमी असेल, तर पट्ट्याची एकूण रुंदी धारेच्या त्रिज्येइतकीच झाली. गोल, चपटे, टोकदार, एका बाजूला झुकलेले अशी सगळी नाके त्या पट्ट्यात आरामात मावतात. पोटाच्या भागासाठी ठरवलेला टॉलरन्स तसाच धारेपर्यंत ओढून नेणे ही ड्रॉइंगमधली सर्वांत महाग काटकसर आहे.

एवढ्याशा नाकाला इतके महत्त्व का? हवा नाकाला वळसा घालताना प्रचंड वेग घेते आणि लगेच मंदावते. पृष्ठाच्या वेगाच्या आलेखावर हे एखाद्या सुळक्यासारखे दिसते. सुळका उंच असेल तर उतारावर सीमास्तर (पृष्ठाला लागून वाहणारा हवेचा पातळ थर) सुटतो, छोटा बुडबुडा तयार होतो आणि पुन्हा चिकटताना प्रवाह संक्षुब्ध (भोवरे घेत, घुसळत वाहणारा) होऊन जातो. जो सीमास्तर आणखी बराच पुढे जाऊन संक्षुब्ध व्हायचा, तो धारेवरच होतो आणि तिथून मागच्या धारेपर्यंत जाड होत जातो. केंब्रिजच्या व्हिटल प्रयोगशाळेतल्या गुडहँड आणि मिलर यांनी २०११ साली यासाठी एक सोपा निकष दिला. सुळक्यावरचा सर्वाधिक वेग आणि त्यामागचा सर्वांत कमी वेग यांतला फरक भागिले सर्वाधिक वेग. हा आकडा ०.१ च्या खाली राहिला तर धार तोट्यात भर घालत नाही. त्याच कामात, ज्या धारेची वक्रता कुठेही उडी मारत नाही अशा आकारांचा पुरस्कार आहे. अर्धवर्तुळाकार धार ड्रॉइंगवर काढायला सोपी असते, पण वर्तुळ जिथे पोटाच्या वक्राला मिळते तिथे वक्रता तुटते आणि तिथेच सुळका उभा राहतो. लंबवर्तुळाकार धार बरी, आणि सलग वक्रतेची त्याहून बरी.

मोजताना अडचण अशी की ०.१ मिमी त्रिज्येच्या अर्धवर्तुळाची लांबी जेमतेम ०.३१ मिमी भरते. सीएमएमवर (टोकाच्या बॉलने स्पर्श करून बिंदू मोजणाऱ्या यंत्रावर) ०.१ मिमी अंतराने बिंदू घेतले तर अख्ख्या नाकावर तीन-चार बिंदू पडतात. शिवाय १ मिमी व्यासाच्या बॉलचे केंद्र धारेभोवती फिरताना लंबाची दिशा त्या ०.३१ मिमीत १८० अंश वळते. त्रिज्येची भरपाई करणाऱ्या सॉफ्टवेअरने लंब थोडा जरी चुकवला, तरी धारेवर दहा-वीस मायक्रॉनचा खोटा फुगवटा किंवा खळगा उमटतो. धारेसाठी प्रकाशीय स्कॅनर वापरा आणि नाकावर बिंदूंमधले अंतर १० मायक्रॉनच्या आसपास ठेवा. पोटासाठी सीएमएम उत्तमच आहे.

चकचकीत पात्यावर स्कॅनिंगसाठी पांढरा स्प्रे मारावा लागतो, आणि तो नेमका धारेवर साठतो. दहा मायक्रॉनचा थर म्हणजे त्रिज्येच्या दहा टक्के! आपोआप उडून जाणारा बारीक स्प्रे वापरा, लांबून हलका मारा, आणि एका पात्यावर दोनदा स्प्रे मारून दोन स्कॅनमधला फरक पाहा.

बिंदूंवरून थेट वक्रता काढायचा मोह टाळा. स्कॅनरचा गोंगाट २ मायक्रॉन आणि अंतर १० मायक्रॉन असेल, तर दुसऱ्या विकलनात तो गोंगाट प्रति मिमी ४९ इतका होतो, तर ०.१ मिमी त्रिज्येची खरी वक्रता आहे प्रति मिमी १०. खरा आकार त्यात बुडून जातो. बिंदूंवरून आधी गुळगुळीत स्प्लाइन (सलग वक्र) बसवा. किती गुळगुळीत? स्प्लाइन आणि बिंदू यांतले उरलेले फरक पाहा. ते सगळीकडे सारखे विस्कळीत आणि स्कॅनरच्या गोंगाटाइतकेच असतील तर ठीक. धारेजवळ त्यांत लय दिसली, म्हणजे ओळीने अधिक, मग ओळीने उणे, तर तुम्ही चपट्या नाकाला इस्त्री करून गोल केले आहे.

धारेपासून ०.५ मिमीवरची जाडी हा आकडा सगळेच देतात. तो घ्या, पण त्यावर विसंबू नका. गोल नाक आणि कापलेले नाक, दोघांची ०.५ मिमीवरची जाडी अगदी सारखी येऊ शकते. ०.१ आणि ०.२५ मिमीवरच्या जाड्याही घ्या आणि चपट्या भागाची रुंदी वेगळी नोंदवा.

बिंदूंच्या ढगातून आकडे

पात्याच्या उंचीच्या १०, ३०, ५०, ७० आणि ९० टक्क्यांवर छेद घ्या. प्रत्येक छेदाचे नाव घेण्याजोगे आकडे काढा: स्टॅगर, कॉर्ड, कमाल जाडी, मागच्या धारेची जाडी, मागच्या धारेजवळचा कोन, आणि छेद मूळ जागेपासून किती सरकला ते. सॉफ्टवेअर बहुधा मोजलेला छेद फिरवून-सरकवून मूळ आकारावर सर्वोत्तम बसवते आणि मग उरलेला फरक दाखवते. बसवण्याआधीचे आणि नंतरचे असे दोन्ही आकडे मागा. नुसते नंतरचे घेतले तर स्टॅगरची चूक आणि छेदाचे सरकणे त्या बसवण्यातच गडप होतात. हवेला कुणी पाते फिरवून बसवून देत नाही.

हे आकडे काढून जे उरते, त्यावर मुख्य घटक विश्लेषण, म्हणजे पीसीए चालवा. एमआयटीच्या गार्झोन आणि डार्मोफल यांनी २००३ साली मोजलेल्या कंप्रेसर पात्यांवर हीच वाट वापरली. सगळ्या पात्यांचे सरासरी पाते काढायचे, ते मूळ आकारातून वजा केले की सरासरीचे सरकणे मिळते, आणि प्रत्येक पाते सरासरीपासून ज्या प्रमुख तऱ्हांनी भरकटते त्या तऱ्हा पीसीए देते.

इथे एक खड्डा आहे. पीसीए तऱ्हांची क्रमवारी लांबी-रुंदीच्या हिशेबाने लावते, हवेच्या हिशेबाने नाही. पोटावरचा ३० मायक्रॉनचा फुगवटा शेकडो बिंदूंवर पसरलेला असतो, म्हणून तो पहिल्या क्रमांकावर येतो. धारेवरचे १५ मायक्रॉनचे चपटेपण थोड्याच बिंदूंवर असते, म्हणून ते विसाव्या तऱ्हेत जाऊन बसते, आणि तुम्ही '९५ टक्के फरक पकडला' म्हणत ते फेकून देता. कॉर्डच्या पहिल्या २-३ टक्क्यांचे पीसीए वेगळे करा. दोन्ही संच नंतर एकत्र वापरता येतात.

प्रवाहाचे गणित

छेदाच्या पातळीवर मायझेससारखा, सीमास्तर धरून चालणारा द्विमितीय सॉल्व्हर सोयीचा. तो झपाट्याने उत्तर देतो आणि संक्रमण, म्हणजे सीमास्तर संक्षुब्ध होणे, कुठे होते ते सांगतो. टिप क्लिअरन्स (पात्याचे टोक आणि आवरण यांतली फट), हबचा (चाकाजवळचा) कोपरा आणि शॉक यांसाठी त्रिमितीय आरएएनएस (प्रवाहाची काळानुसार सरासरी धरून सोडवायची पद्धत) लागते. त्यात संक्रमणाचे मॉडेल सुरू ठेवा. पूर्ण संक्षुब्ध सीमास्तर धरलात तर पुढच्या धारेची मुख्य करामत, म्हणजे संक्रमण पुढे ओढणे, सॉल्व्हरला दिसतच नाही आणि उत्तर येते की धारेने काही फरक पडत नाही.

जाळीबाबत दोन पथ्ये. नाकाभोवती किमान ४०-५० कोशिका हव्यात. आणि प्रत्येक पात्यासाठी नवी जाळी विणू नका. मूळ पात्याचीच जाळी ओढूनताणून नव्या आकारावर न्या. आपण शोधतो आहोत तो फरक एक-दोन टक्क्यांचा, आणि नव्या जाळीमुळे उत्तर तेवढेच हलू शकते. मूळ पात्याची जाळी थोडी थोडी बदलून पाच वेळा उत्तर काढा. त्या पाच उत्तरांचा पसारा ही तुमची जमीन; तिच्याखालचा कुठलाही 'परिणाम' अहवालात लिहू नका.

प्रत्येक आकारासाठी एका बिंदूवर न थांबता इन्सिडन्स किमान −६ ते +६ अंश फिरवा. बिघडलेली धार डिझाइन बिंदूवर अनेकदा साळसूद वागते आणि कडेला गेल्यावर खरे रूप दाखवते. किमान तोटा, तोटा दुप्पट होतो ते दोन्ही इन्सिडन्स आणि बाहेर पडण्याचा कोन, एवढे चार आकडे प्रत्येक पात्यामागे जपले की काम भागते.

मग नमुने. सहा-आठ प्रमुख चलांसाठी लॅटिन हायपरक्यूबने (प्रत्येक चलाचा सगळा आवाका सारखा झाकणाऱ्या नमुना-निवडीने) १०० ते २०० आकार पुरतात. अ‍ॅडजॉइंटने (एकाच उलट्या गणितातून सगळ्या चलांचा परिणाम देणाऱ्या पद्धतीने) काढलेली संवेदनशीलता झटपट मिळते आणि कुठे पाहायचे ते सांगते, पण ती रेषीय असते. वर कागदावर पाहिलेली पसाऱ्याची किंमत वर्गाच्या पदातून येते, म्हणून रेषीय पद्धतीत ती शून्य दिसते.

कुठला फरक किती महाग

*बाहेर पडण्याचा कोन.* समजा, रोटरचा वेग सेकंदाला ३५० मी, अक्षीय वेग १७० मी, सापेक्ष कोन आत ६२ अंश, बाहेर ५० अंश. स्पर्शीय वेगातला बदल १७० × (१.८८१ − १.१९२), म्हणजे ११७ मी. बाहेरचा कोन सरासरीने अर्धा अंश चुकला, तर त्यात ३.६ मी फरक पडतो. पायरीचे (रोटर-स्टेटरच्या एका जोडीचे) काम ३ टक्क्यांनी बदलले. एका पायरीत ते सहन होते; पण सात-आठ पायऱ्यांत सगळ्यांची चूक एकाच दिशेला असेल, तर मागच्या पायऱ्यांना येणारी घनता आणि अक्षीय वेग बदलतो, त्यांचा इन्सिडन्स सरकतो आणि कंप्रेसरची जुळणीच बिघडते. मग दोष मागच्या पायरीत दिसतो आणि मूळ पुढे असते.

*घसा.* ट्रान्सॉनिक (आवाजाच्या वेगाजवळ चालणाऱ्या) रोटरमध्ये चोक होणारा, म्हणजे त्याहून वाढूच न शकणारा, प्रवाह दोन पात्यांमधल्या अरुंद जागेवर ठरतो. ती साधारण पिच (शेजारच्या पात्यांतले अंतर) × कोसाइन कोन. ६० अंशांजवळ कोन अर्धा अंश वाढला की घसा दीड टक्क्याने आवळतो. १२ मिमी पिच असेल तर घसा ६ मिमी. दोन्ही पृष्ठांवर ०.०५ मिमी जाडी जास्त राहिली की आणखी १.७ टक्के गेले. दोन्ही चुका ड्रॉइंगच्या आत! विखुरलेल्या स्टॅगरचा इथे त्रास कमी, कारण एक घसा आवळला की शेजारचा उघडतो. पंख्याच्या स्वनातीत टोकांवर मात्र पाती-पातींमधला बारीक फरकही शॉक असमान करतो, आणि त्यातूनच टेकऑफच्या वेळी करवतीसारखा घरघराट ऐकू येतो.

*धार आणि पृष्ठ एकत्र.* याचा सर्वांत बोलका प्रयोग नासाच्या क्लीव्हलँड इथल्या केंद्रात रोटर ३७ या चाचणीच्या रोटरवर झाला आणि १९९५ साली प्रसिद्ध झाला. ३६ पात्यांच्या या रोटरवर फक्त ०.०२५ मिमी जाडीचा खरखरीत थर चढवला. डिझाइन बिंदूजवळ दाबाचे गुणोत्तर ९ टक्क्यांनी आणि कार्यक्षमता ६ अंकांनी घसरली. मग तेवढ्याच जाडीचा गुळगुळीत थर चढवला, तर साधारण निम्मी घसरण उरली. म्हणजे निम्मा दोष निव्वळ जाडीचा. आणखी पुढे जाऊन थर पात्याच्या वेगवेगळ्या भागांवर देऊन पाहिला, तेव्हा दिसले की डिझाइन वेगावर गुळगुळीत थराची जवळजवळ सगळी आणि खरखरीत थराची सुमारे ७० टक्के घसरण कॉर्डच्या पहिल्या २ टक्क्यांतून येते. कोटिंगची जाडी टॉलरन्समध्ये धरायची की नाही हा वाद घालणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लावावा.

*खडबडीतपणा.* आरए (पृष्ठाच्या खडबडीतपणाचे सरासरी माप) किती असावा याचे एकच उत्तर सगळ्या पायऱ्यांना देऊ नका. समतुल्य वाळूकण उंची म्हणून आरएची ६.२ पट धरा (कोच आणि स्मिथ यांनी १९७६ साली वापरलेला गुणक), आणि त्या उंचीवर काढलेला रेनॉल्ड्स अंक (प्रवाहातल्या जडत्वाचे चिकटपणाशी गुणोत्तर) १०० च्या खाली ठेवा. पहिल्या पायरीत १ बार, २८८ केल्विन आणि ३०० मी वेग धरला तर चालणारी उंची ४.९ मायक्रॉन, म्हणजे आरए ०.८. शेवटच्या पायरीत २० बार, ७०० केल्विन आणि २५० मी वेगाला ती १.३ मायक्रॉनवर येते, म्हणजे आरए ०.२. मागची पाती लहान, स्वस्त आणि संख्येने जास्त, म्हणून त्यांना घाईची पॉलिश मिळते. गणित नेमके उलटे सांगते.

*टिप क्लिअरन्स.* उंचीच्या १ टक्का क्लिअरन्स वाढला की पायरीची कार्यक्षमता १ ते २ अंकांनी घसरते, असा ढोबळ नियम आहे. ०.१ मिमी जास्त घासले, तर ५० मिमी पात्याचे ०.२ ते ०.४ अंक जातात आणि २० मिमी पात्याचा अर्धा ते एक अंक. स्टॉल मार्जिनही त्याबरोबर जातो. कॉर्ड ०.२ मिमीने कमी भरली, तर मात्र फारसे बिघडत नाही, अट एवढीच की ती कमी होताना धारेचा आकार बिघडलेला नसावा.

फरक बघून मशीन ओळखणे

सगळ्या छेदांत स्टॅगर सारखाच सरकलेला असेल तर पोटाकडे पाहू नका. पात्याचे मूळ कापतानाचा डेटम (मापाचा संदर्भ) किंवा फिक्स्चर चुकले आहे. स्टॅगरची चूक मुळाशी शून्य आणि टोकाकडे वाढत जाणारी असेल, तर फोर्जिंगनंतर पीळ परत उलगडला आहे, किंवा शॉट पीनिंग (पृष्ठावर बारीक गोळ्यांचा मारा) दोन्ही बाजूंना सारखे बसलेले नाही. पातळ पात्याच्या एका बाजूला जास्त मारा झाला की ते चपातीसारखे दुसऱ्या बाजूला वळते.

जाडी टोकाकडे वाढत असेल तर मिलिंग करताना पाते टूलपासून दूर वाकले. टूल घासले की जाडी सगळीकडे वाढते आणि पाते क्रमांकाबरोबर हळूहळू चढते, मग टूल बदलताच खाली उडी मारते. असा करवतीचा आलेख दिसला की ऑफसेट (टूलच्या झिजेची दुरुस्ती) जास्त वेळा मारायला सांगा. फोर्जिंगमध्ये दोन्ही डाय एकमेकांवर नीट जुळले नाहीत तर सक्शन (फुगीर) आणि प्रेशर (खोलगट) बाजू एकमेकांपासून सरकतात आणि नाक एका बाजूला झुकते. दोन सेटअपमध्ये मिलिंग केलेल्या पात्यावरही हीच खूण दिसते.

बॉल-नोज टूलच्या ओळींचे उंचवटे मोजायला सोपे आहेत: दोन ओळींतल्या अंतराचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट. ४ मिमी त्रिज्या आणि ०.३ मिमी अंतराला ते २.८ मायक्रॉन भरतात. ओळी प्रवाहाच्या दिशेने असतील तर त्रास कमी, आडव्या असतील तर जास्त. म्हणून आरए मोजताना दिशा लिहा.

धारेवरच्या चुका बहुधा शेवटच्या दोन कामांत होतात. बर (कडेला उरलेली धातूची किनार) काढताना पट्टा समोरून टेकवला की नाक चपटे होते. दोन्ही बाजूंनी घासत गेला की टोकदार. हे माणसागणिक बदलते, म्हणून पसारा मोठा येतो. व्हायब्रो फिनिशिंगमध्ये (पाती दगडांत घालून हलवत गुळगुळीत करताना) दगड कडांना जास्त खातात: कॉर्ड कमी भरते, पण नाक गोल राहते. कॉर्ड किती कमी झाली हे वेळेशी ताडून पाहा. बॅच जास्त वेळ चालली का ते लगेच कळते.

ड्रॉइंग बदलताना

एकसारखा घट्ट टॉलरन्स मागू नका. शॉपला तो परवडत नाही आणि हवेला तो सगळीकडे लागत नाही. कॉर्डचे पहिले ३ टक्के वेगळा विभाग करा. त्याला प्रोफाइल पट्ट्याऐवजी आकाराचे निकष द्या: कमाल चपटी रुंदी, तीन अंतरांवरच्या जाड्या, आणि स्वीकारार्ह व अस्वीकार्य नाकांची मोठी करून काढलेली चित्रे. मागच्या निम्म्या भागात जाडीला ढील द्या, पण बाहेर पडण्याचा कोन पकडून ठेवा. स्टॅगरसाठी दोन ओळी लिहा: एकेका पात्याला रुंद मर्यादा आणि बॅचच्या सरासरीला अरुंद. एकेक पाते ±०.५ अंश चालेल, पण ४० पात्यांची सरासरी ±०.१ च्या आत हवी. ०.२५ अंशाचा निव्वळ पसारा असेल तर ४० पात्यांच्या सरासरीत तो ०.०४ अंश उरतो, म्हणजे ही मर्यादा मोडली तर कारण नशीब नाही, फिक्स्चर आहे.

जुळणीच्या वेळी पाती बहुधा वजनाच्या आघूर्णाने लावतात. स्टॅगरचे आकडे हाताशी असतील तर तोल सांभाळूनही एवढे बघता येते की उघडलेली (स्टॅगर कमी असलेली) पाती एकाच बाजूला सलग बसणार नाहीत. टोकाच्या दोन-चार पात्यांना रांगेत एकमेकांचे शेजारी होऊ देऊ नका. धार हाताने दुरुस्त केलेली पाती वेगळ्या खुणेने ठेवा आणि पुन्हा स्कॅन केल्याशिवाय पेटीत परत टाकू नका.